बदल केला, सर्व्हर बंद-चालू केला. तरी आकडा जुनाच

गेल्या काही महिन्यांत भोसरी आणि चाकणकडच्या ओळखीच्या कारखानदारांनी आमच्याकडे एकच तक्रार आणली. टेक्निशियन आला, त्याने सर्व्हरच्या फाइलीत आकडा बदलला, सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू केली, पण फरक काहीच पडला नाही. पुढे तोच टेक्निशियन सांगतो की मशीन जुने झाले, आता नवा सर्व्हर घ्या. नवा सर्व्हर म्हणजे लहान कारखान्याला दोन-तीन महिन्यांची कमाई. तो खर्च करण्यापूर्वी काय तपासावे, यासाठी हा लेख.

भोसरी, तळवडे, चिखली, कुरुळी, निघोजे या पट्ट्यात आपल्या बांधवांची टर्निंगची, फॅब्रिकेशनची, पावडर कोटिंगची, स्क्रॅपची आणि सुट्या भागांची कामे पुष्कळ आहेत. पूर्वी चलन-बुक आणि लेजर एवढ्यावर काम भागत असे. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले. त्यामुळे आज आठ-दहा मशीनच्या कारखान्यातही ऑफिसच्या कोपऱ्यात एक संगणक 'सर्व्हर' म्हणून चोवीस तास चालू असतो आणि बाकीचे संगणक त्याच्याकडून माहिती घेतात. गाडी भरून उभी आहे आणि चलन निघत नाही, ही अवस्था आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल.

डेटाबेस सर्व्हर म्हणजे एक मुनीम समजावा. सगळ्या वह्या त्याच्या ताब्यात असतात; कोणीही काही मागितले की तोच काढून देतो. त्याला किती जागा वापरायची, किती माणसांशी एका वेळी बोलायचे, नोंद ताबडतोब पक्की करायची की थोड्या वेळाने, हे सांगणारी एक चिठ्ठी असते. तिलाच कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. मुनीम ही चिठ्ठी बहुधा कामावर येताना एकदाच वाचतो. म्हणून चिठ्ठी बदलली की त्याला घरी पाठवून पुन्हा बोलवावे लागते. यालाच सर्व्हिस रीस्टार्ट म्हणतात. आता प्रश्न असा की चिठ्ठी बदलली, मुनीम जाऊन परत आला, तरी तो जुन्याच पद्धतीने का वागतो?

सीएनसीवर काम करणाऱ्यांना हे लवकर समजेल. ऑपरेटर जी 54 मध्ये ऑफसेट बदलतो, पण प्रोग्राम जी 55 बोलावतो. आकडा बरोबर बदललेला असतो, पण जॉब जुन्याच मापाने निघतो. अशा वेळी शहाणा सेटर पडद्यावरचा आकडा पुन्हा-पुन्हा तपासत बसत नाही; मशीन आत्ता कोणता ऑफसेट धरून चालले आहे ते बघतो. सर्व्हरच्या बाबतीतही हाच मार्ग आहे. फाइलीत काय लिहिले आहे याने काही सिद्ध होत नाही. चालू असलेल्या सर्व्हरलाच विचारायचे.

भोसरी एमआयडीसीतील एका टर्निंगच्या कारखान्यात आम्ही शुक्रवारी दुपारी गेलो. कामगार जुम्याच्या नमाजला गेले होते, ऑफिस मोकळे होते. मालकांना आम्ही चाचा म्हणतो. संगणकाचे काम त्यांचा मुलगा पाहतो. संगणक विंडोज 10 चा, त्यावर मायएसक्यूएल, आणि रॅम आठवरून सोळा जीबी करून घेतलेली. तरी महिन्याच्या चलनांचा रिपोर्ट निघायला दहा-बारा मिनिटे लागत. टेक्निशियनने सर्व्हरची मेमरी वाढवून सहा जीबी केली होती. मुलाने आम्हाला फाइल उघडून दाखवली. ओळ अगदी बरोबर होती.

"लिहिलेले तर दिसते आहे," चाचा म्हणाले, "मग मशीनला वाचता येत नाही का?"

आम्ही फाइल बंद करायला सांगितली आणि मायएसक्यूएलच्या खिडकीत पहिला प्रश्न टाकला: शो ग्लोबल स्टेटस लाइक 'अपटाइम'. (आज्ञा आम्ही येथे देवनागरीत देत आहोत; टाइप करताना इंग्रजी अक्षरे वापरावीत.) सर्व्हर किती सेकंदांपासून सलग चालू आहे, हे यातून कळते. उत्तर आले 1127340. एका दिवसाचे 86400 सेकंद. हिशेब केला तर तेरा दिवस झाले. टेक्निशियनने तर बुधवारी संध्याकाळी, म्हणजे दोनच दिवसांपूर्वी, सर्व्हिस बंद-चालू केली होती. शिवाय गुरुवारी कारखान्याला सुट्टी, त्यामुळे संगणकही बंद होता. मग तेरा दिवस कसे?

येथे दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या.

पहिली गोष्ट विंडोजची. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, त्यात 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ही सोय चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर संगणक पुरता बंद होत नाही. आपले उघडे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस आहेत त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवल्या जातात, आणि पुन्हा बटण दाबले की तिथूनच पुढे चालू होतात. म्हणजे मुनीम घरी गेलाच नाही. दुकानातच गादीवर झोपला आणि सकाळी उठून बसला. चिठ्ठी त्याने पुन्हा वाचलेली नाही. 'रीस्टार्ट' केले तर मात्र सगळे नव्याने सुरू होते. पुष्कळ लोकांना हे उलटे वाटते. शट डाउन म्हणजे मोठी विश्रांती आणि रीस्टार्ट म्हणजे छोटी, असा समज आहे. आपल्या पट्ट्यात दर गुरुवारी संगणक बंद होतो, म्हणून 'आठवड्याला एकदा तर रीस्टार्ट होतोच' असे जे धरून चालतात, त्यांनी अपटाइमचा आकडा एकदा जरूर पाहावा. सर्व्हर म्हणून वापरायच्या मशीनवर ही सोय कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बंदच करावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. विंडोजच्या सर्व्हिसेसची यादी उघडली, तर तिथे मायएसक्यूएल 57 आणि मायएसक्यूएल 80 अशी दोन नावे सापडली, दोन्ही चालू. सॉफ्टवेअर देणाऱ्याने काही वर्षांपूर्वी नवी आवृत्ती बसवली, पण जुनी काढली नव्हती. कारखान्याचे काम चालत होते 80 वर. टेक्निशियनने फाइल बदलली 57 ची आणि बंद-चालूही 57 च केली. त्याने केलेले प्रत्येक काम नियमाप्रमाणे होते. फक्त दुसऱ्याच मुनिमाला चिठ्ठी दिली होती.

हे आम्ही अंदाजाने सांगितले नाही, सर्व्हरनेच सांगितले. शो ग्लोबल व्हेरिएबल्स लाइक 'इनोडीबी_बफर_पूल_साइज' असे विचारले तेव्हा उत्तर आले 134217728. हा आकडा ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी ओळखून ठेवावा. तो म्हणजे बरोबर 128 एमबी, मायएसक्यूएलचा जन्मजात आकडा. सोळा जीबी रॅम घातलेल्या मशीनवर हा दिसला, तर पैसे घालून घेतलेली रॅम सर्व्हरला मिळालेलीच नाही असे समजावे.

मायएसक्यूएल 8.0 (2018) आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत आणखी एक सोय आहे. 'परफॉर्मन्स_स्कीमा.व्हेरिएबल्स_इन्फो' नावाचा तक्ता आहे. त्यात प्रत्येक सेटिंगपुढे ते कोठून आले हे लिहिलेले असते. 'कम्पाइल्ड' असे दिसले तर कोणीच काही सांगितलेले नाही, जन्मजात आकडा चालू आहे. 'एक्स्प्लिसिट' किंवा 'ग्लोबल' असे दिसले तर फाइलीतून आले, आणि शेजारच्या रकान्यात त्या फाइलीचा पूर्ण पत्ता असतो. 'डायनॅमिक' म्हणजे चालू असताना कोणीतरी आज्ञा देऊन बदलले. चाचांच्या मशीनवर पत्ता आला सी ड्राइव्हच्या प्रोग्रामडेटा फोल्डरमधला, मायएसक्यूएल सर्व्हर 8.0 मधील माय.आयएनआय. हा प्रोग्रामडेटा फोल्डर विंडोज लपवून ठेवते, म्हणून पुष्कळ जण प्रोग्राम फाइल्समध्ये शोधतात, तिथे फाइल दिसत नाही म्हणून स्वतःच नवी तयार करतात, आणि ती कोणी वाचत नाही. नोटपॅडने तयार केलेली फाइल तर कधी कधी माय.आयएनआय.टीएक्सटी या नावाने बसते. शेवटचा तुकडा विंडोज दाखवत नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला नाव बरोबर वाटते. आवृत्ती जुनी असेल आणि हा तक्ता नसेल, तर सर्व्हिसेसच्या यादीत त्या नावावर डबल क्लिक करावे. 'पाथ टू एक्झिक्युटेबल' या ओळीत डिफॉल्ट्स-फाइल या शब्दापुढे खरा पत्ता असतो.

योग्य फाइलीत सहा जीबी लिहिले, 80 ची सर्व्हिस बंद-चालू केली, आणि पुन्हा विचारले. उत्तर 6442450944. अपटाइम 40 सेकंद. रिपोर्ट एका मिनिटाच्या आत निघाला. चाचांनी टेक्निशियनला फोन लावायला घेतला होता, तो आम्ही थांबवला. दोष त्याच्या हुनरचा नव्हता. बदल केल्यावर सर्व्हरला विचारायचे असते, एवढेच त्याला कोणी शिकवले नव्हते.

दोन सर्व्हर एका मशीनवर असण्याचा प्रकार आपल्याकडे वाटतो त्याहून जास्त आहे. एक्झॅम्प नावाचे फुकट मिळणारे गाठोडे कोणीतरी बसवलेले असते. त्यात मारियाडीबीचा वेगळा सर्व्हर असतो आणि त्याची चिठ्ठी एक्झॅम्पच्याच फोल्डरमध्ये, मायएसक्यूएलच्या बिनमध्ये असते. फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडी-चिखली भागात महापालिकेची जी पाडापाडी झाली, तिच्यानंतर ज्यांना धंदा उचलून दुसरीकडे मांडावा लागला, त्यांचे संगणकही घाईत हलले. अशा वेळी नव्या मशीनवर जुने फोल्डर जसेच्या तसे उतरवले जाते, शेजारी नवा सर्व्हरही बसवला जातो, आणि कोण कोणाचे हिशेब ठेवतो याचा पत्ता राहत नाही. त्या बांधवांनी सर्व्हिसेसची यादी एकदा शांतपणे पाहावी.

लिनक्सवर, विशेषतः उबुंटूवर, घोटाळ्याचे स्वरूप वेगळे असते. तिथे सर्व्हर एक नव्हे, अनेक फाइली क्रमाने वाचतो, आणि एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली असेल तर शेवटी वाचलेली खरी धरतो. इटीसी फोल्डरमधील माय.सीएनएफ ही मुख्य फाइल शेवटी सांगते की आता अमुक फोल्डरमधल्या सगळ्या फाइली वाच. आपण मुख्य फाइलीत वर काही लिहिले आणि त्या फोल्डरमधील मायएसक्यूएलडी.सीएनएफमध्ये उलटे लिहिलेले असेल, तर आपले लिहिणे वाया जाते. दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरला जोडता येत नाही, ही तक्रार बहुधा अशीच असते: बाइंड-ॲड्रेस एका फाइलीत बदलला आणि दुसरीत 127.0.0.1 तसाच राहिला. (तो बदलताना सर्व्हर फक्त कारखान्यातल्या नेटवर्कपुरता उघडावा. इंटरनेटवरून कोणालाही दिसेल असा उघडा ठेवणे म्हणजे गल्ल्याला कुलूप न लावता घरी जाणे.) आणखी एक चूक म्हणजे ओळ चुकीच्या चौकोनी कंसाखाली जाणे. 'मायएसक्यूएल' या मथळ्याखालची ओळ प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामसाठी असते, 'मायएसक्यूएलडी' या मथळ्याखालची सर्व्हरसाठी. शेवटच्या 'डी' या एका अक्षराने आख्खी संध्याकाळ गेलेली आम्ही पाहिली आहे.

परवानगीचा प्रकारही असाच. फाइल सेव्ह होत नाही म्हणून काही जण तिला 777 देतात, म्हणजे कोणीही यावे आणि लिहावे. मायएसक्यूएल अशी फाइल धोक्याची समजून वाचतच नाही. तो लॉगमध्ये तसा इशारा लिहितो आणि जन्मजात आकड्यांवर कामाला लागतो. लॉग कोणी वाचत नाही, म्हणून इशारा तसाच पडून राहतो.

लॉगमध्येच उलगडणारे आणखी एक कोडे आहे. फाइलीत मॅक्स_कनेक्शन्स 500 लिहिले, सर्व्हर म्हणतो 214. बरोबर 214 च का? कारण लिनक्सने त्या सर्व्हिसला एका वेळी 1024 फाइलीच उघडायला मुभा दिलेली असते. त्यातून टेबलांसाठी आणि स्वतःच्या कामासाठी राखलेल्या वजा केल्या की 214 उरतात. चिठ्ठी मुनिमाने वाचली, पण दुकानाच्या मालकाने खुर्च्याच तेवढ्या दिल्या. येथे मायएसक्यूएलची फाइल कितीही बदलली तरी उपयोग नाही. सिस्टमडीमध्ये त्या सर्व्हिसची लिमिट-नोफाइल ही मर्यादा वाढवावी लागते, नंतर डीमन-रीलोड, आणि मग रीस्टार्ट.

आता दुसरी घटना. ती पैशाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे.

कुरुळीजवळ सुट्या भागांचा पुरवठा करणारे आमचे एक परिचित आहेत. मोठ्या कंपनीला माल जातो, प्रत्येक गाडीबरोबर ई-इनव्हॉइस लागते. एका संध्याकाळी त्यांच्या माणसाने बिल केले, पोर्टलवरून आयआरएन आला, पडद्यावर 'सेव्ह झाले' असे दिसले, आणि त्याच क्षणी वीज गेली. यूपीएसची बॅटरी थकलेली, संगणक तत्काळ बंद. सकाळी चालू केल्यावर ते बिल यादीत नव्हते. सॉफ्टवेअरने तोच नंबर दुसऱ्या पार्टीच्या बिलाला दिला, आणि पोर्टलने तो नाकारला. कारण आयआरएन हा आपला जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि नंबर यांवरून बनतो; पार्टी बदलली तरी नंबर तोच असेल तर पोर्टलच्या लेखी ते बिल आधीच झालेले असते. सरकारी नोंदीत बिल आहे आणि आपल्या वहीत नाही! चोवीस तासांच्या आत होते म्हणून ते रद्द करता आले, पण रद्द झालेला नंबर पुन्हा वापरता येत नाही, म्हणून पुढच्या नंबराने नवे बिल काढले. गाडी दुपारपर्यंत कंपनीच्या गेटबाहेर उभी राहिली.

मायएसक्यूएलमध्ये 'इनोडीबी_फ्लश_लॉग_ॲट_ट्रान्झॅक्शन_कमिट' नावाचे लांबलचक सेटिंग आहे (टाइप करताना ट्रान्झॅक्शनचे फक्त टीआरएक्स लिहायचे). ते 1 असेल तर प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्यावरच 'सेव्ह झाले' असे उत्तर मिळते. 2 असेल तर काम जलद होते, पण नोंद काही क्षण विंडोजच्या किंवा लिनक्सच्या हातात राहते आणि साधारण सेकंदाला एकदा डिस्कवर जाते. त्या सेकंदात वीज गेली तर नोंदही गेली. व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर हे 1 च असावे, असे आमचे मत आहे. वेगासाठी 2 ठेवण्याची शिफारस करणारे बरेच भेटतात, पण चाकणसारख्या भागात, जिथे विजेचा भरवसा नाही, तिथे तो सल्ला ऐकू नये.

गंमत अशी की या परिचितांच्या फाइलीत 1 च लिहिलेले होते. फाइल बरोबर, सर्व्हिस एकच, अपटाइम सांगत होता की रीस्टार्ट खरोखर झाला आहे. तरी सर्व्हर म्हणत होता 2.

येथे तो व्हेरिएबल्स_इन्फोचा तक्ता कामी आला. उगमाच्या रकान्यात शब्द आला 'पर्सिस्टेड', आणि पत्ता मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ नावाच्या फाइलीचा, जी डेटाच्या फोल्डरमध्ये असते. मायएसक्यूएल 8.0 पासून 'सेट पर्सिस्ट' ही आज्ञा आली आहे. तिने दिलेले आकडे सर्व्हर स्वतः या फाइलीत लिहून ठेवतो आणि प्रत्येक वेळी चालू होताना ही फाइल सर्वांत शेवटी वाचतो. म्हणून माय.आयएनआयमध्ये काहीही लिहा, शेवटचा शब्द हिचा. मुनिमाने स्वतःच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली आहे आणि मालकाच्या चिठ्ठीपेक्षा तिला मान आहे, असा हा प्रकार. त्याच तक्त्यात आकडा कोणी आणि केव्हा घातला हेही असते. तारीख निघाली मार्च 2024 च्या शेवटच्या आठवड्यातली. वर्षअखेरीचा जुना डेटा भराभर आत घ्यायचा म्हणून कोणीतरी तात्पुरते 2 केले होते. तात्पुरते ते तसेच राहिले. त्या काळात वीज किती वेळा गेली आणि आणखी काय हरवले, हे आता सांगता येणार नाही.

उपाय सोपा आहे. 'रीसेट पर्सिस्ट' आणि पुढे सेटिंगचे नाव, एवढी आज्ञा दिली की ती नोंद खिशातल्या चिठ्ठीतून निघते. मात्र चालू आकडा तेवढ्याने बदलत नाही. त्यानंतर एकदा रीस्टार्ट करून पुन्हा विचारावे लागते. मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ ही फाइल नोटपॅडने उघडून खाडाखोड करू नये, एक कंस इकडे-तिकडे झाला तर नवे संकट उभे राहते. मारियाडीबीत ही आज्ञा नाही, त्यामुळे तिथे हा घोटाळाही नाही.

याच्या उलट आजार 'सेट ग्लोबल' या आज्ञेचा. टेक्निशियन चालू सर्व्हरला ती देतो, ताबडतोब गुण येतो, आपण पैसे देतो. पुढच्या खऱ्या रीस्टार्टला सगळे पूर्ववत. तक्त्यात 'डायनॅमिक' दिसले तर तोच बदल फाइलीतही लिहून घ्यावा.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे 'शो कॉन्फिग_फाइल' विचारले की खऱ्या फाइलीचा पत्ता मिळतो, आणि 'पीजी_सेटिंग्ज' या तक्त्यात फाइलीचे नावच नव्हे तर ओळीचा क्रमांकही मिळतो. सर्वांत सामान्य चूक म्हणजे ओळीच्या सुरुवातीचे # हे चिन्ह. पोस्टग्रेसच्या फाइलीत बहुतेक ओळी त्या चिन्हाने झाकलेल्या असतात. लोक आकडा बदलतात आणि चिन्ह तसेच ठेवतात. खिशातली चिठ्ठी येथेही आहे. 9.4 या आवृत्तीत, 2014 साली, अमित कपिला यांनी केलेली 'ऑल्टर सिस्टम' ही आज्ञा आली. तिचे आकडे पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ या फाइलीत जातात आणि तीच शेवटी वाचली जाते. उबुंटूवर आवृत्ती वाढवली की जुना आणि नवा असे दोन सर्व्हर शेजारी-शेजारी राहू शकतात, एक 5432 पोर्टवर, दुसरा 5433 वर. 'पीजी_एलएसक्लस्टर्स' ही आज्ञा दोन्ही दाखवते.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये फाइलीची भानगड कमी. 'एसपी_कॉन्फिगर' ही आज्ञा दोन आकडे दाखवते, एक सांगितलेला, एक प्रत्यक्ष चालू असलेला. ते वेगळे दिसले तर 'रीकॉन्फिगर' राहिले आहे किंवा त्या सेटिंगला रीस्टार्ट हवा आहे. आपल्याकडे बहुतेकांकडे फुकटची एक्स्प्रेस आवृत्ती असते. 2022 च्या एक्स्प्रेसमध्येही डेटासाठी 1410 एमबीपेक्षा जास्त मेमरी वापरली जात नाही, फाइलीत-सेटिंगमध्ये काहीही लिहा. बत्तीस जीबी रॅम घ्या म्हणणाऱ्याला आधी आवृत्ती कोणती ते विचारावे. तिथे सर्व्हरने आपले ऐकले नाही असे होत नाही. त्याला ती मुभाच नाही.

कोणताही बदल करण्यापूर्वी डेटाचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा आणि मूळ फाइलीची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवावी. काम शिफ्ट सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी करावे. चालू डिस्पॅचमध्ये सर्व्हर बंद करणे म्हणजे गाड्या अडवणे. आणि टेक्निशियन बदल करून निघण्यापूर्वी त्याच्याकडून दोन आकडे पडद्यावर दाखवून घ्यावेत: बदललेले सेटिंग सर्व्हर स्वतः काय सांगतो तो, आणि अपटाइम. अपटाइम काही मिनिटांचाच असला पाहिजे. पैसे त्यानंतर द्यावेत.

चाचांच्या मुलाने आता एक वही केली आहे. सर्व्हिसचे नाव, फाइलीचा पत्ता, पोर्ट, जुना आकडा, नवा आकडा, तारीख, कोणी केले. जुन्या मायएसक्यूएल 57 चे काय करायचे हा प्रश्न त्या दिवशी उरला होता. मुलगा म्हणाला, लगेच काढून टाकू. आम्ही नको म्हटले. आत पाहिले तर 2019 पासूनची काही बिले त्यातच होती, नव्यात आणलेली नव्हती. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावी लागतात. म्हणून त्या डेटाचा पूर्ण डंप काढून दोन डिस्कवर ठेवला, एका प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर तो परत उभा राहतो का ते पाहिले, आणि मगच ती सर्व्हिस थांबवून 'डिसेबल्ड' केली.